विहिरीजवळचे दोन एकर

नाना, गेल्या दिवाळीत जळगावच्या घरी आम्ही सगळे मृत्युपत्राचं बोलायला बसलो होतो, तेव्हा माझ्या नातीने तुमच्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, श्राद्धाला हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा कधी काही बोललो नाही. पण त्या उत्तरानंतर जे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बसायची कल्पना मुलाची. माझी बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या नावावर एक लहानसा प्लॉट होता. त्याची वारस नोंद करून घेताना मुलाला पुण्याहून सात-आठ खेपा घालाव्या लागल्या. तेव्हाच तो म्हणाला, "पप्पा, तुमच्या वेळी असं नको. तुम्ही आहात तोवर एकदा सगळे बसू. लहान-मोठे सगळे. कोणाला काय वाटतं ते तोंडावर बोलू, मग वकिलाकडे जाऊ." मला ते पटलं, थोडं बरंही वाटलं. लेक नाशिकहून आली. नात कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. तिने लिहून घ्यायचं काम घेतलं. आणि मला न विचारता मुलाने धुळ्याला फोन करून आपल्या आत्यालाही बोलावलं. "माझं काय काम रे तिथं?" ती म्हणाली म्हणे. तरी सकाळच्या एस.टी.ने आली. येताना भरताची वांगी भाजून, सोलून डब्यात घालून घेऊन आली.

नाना, तुमची लेक माझ्या घरी आली की खाली बसते. सोफा असतो, खुर्च्या असतात, ती स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीला टेकून जमिनीवर बसते आणि काही तरी हातात घेते, निवडायला, सोलायला. त्या दिवशी लसूण घेतला होता. नातीने लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांत वर तुमचं नाव टाकलं, खाली रेघ ओढून माझं आणि आत्याआजीचं. मग सातबारा उघडून बघितला. म्हणाली, "आजोबा, शेतीवर तुमचं एकट्याचंच नाव आहे. आत्याआजीचं का नाही?"

मी काही बोलायच्या आत माझी लेक म्हणाली, "तिने हक्क सोडला होता. तेव्हा सगळ्याच सोडायच्या." आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "मलाही सोडावा लागेल का, पप्पा?"

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. एखाद्या लग्नाला जायचं आहे का, असं विचारावं तसं विचारलं. मुलगा म्हणाला, "काहीतरी काय बोलतेस?" तेवढ्यात नातीने तो प्रश्न विचारला. "पण पणजोबांची इच्छा काय होती? ते जायच्या आधी काहीच बोलले नव्हते का?"

"नाही," मी म्हणालो. "अचानक गेले. बोलायला वेळच मिळाला नाही."

तुमची लेक उठली. लसणाच्या टरफलांचं ताट घेऊन आत गेली, चहा ठेवला. जेवणं झाल्यावर चारची गाडी धरून धुळ्याला निघून गेली. ती माझ्या घरी कधीच मुक्काम करत नाही.

तुम्ही अचानक गेला नव्हता, नाना. जळगावच्या दवाखान्यात तुम्ही आठ दिवस होता आणि पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्याशी बोललात. ताई तुमच्यासाठी पाणी गरम करून आणायला खाली गेली होती. (ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण तुम्ही तिला ताई म्हणायचात म्हणून मीही म्हणतो.) खिडकीबाहेर कुठेतरी पत्र्यावर हातोडा चालला होता. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "हिरजोडेनं दोन एकर वावर अन् मांगली खोली तिना नावे कर." विहिरीजवळचे दोन एकर आणि घराची मागची खोली. मग थांबून, "आयकं का?" मी म्हणालो, "हां, नाना." तुम्ही पुन्हा विचारलंत, "आयकं का?" मी पुन्हा म्हणालो, "हां." तेवढ्यात ताई वर आली. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, गाय व्याली का ते विचारलंत, आणि तिसऱ्या दिवशी गेलात.

मी तुम्हाला हे आज विचारतो, तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही ते कागदावर का नाही लिहिलंत? तुमचं अक्षर चांगलं म्हणून आसपासच्या चार गावांतले लोक वाटणीपत्रं लिहायला तुम्हालाच बोलवत. मी कॉलेजातून सुट्टीला आलो की मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. एकदा तिघा भावांची वाटणी होती. सगळं ठरलेलं, पंच जमलेले, तुम्ही मात्र खिशातून पेन काढेनात. "लेक कुठं शे?" तुम्ही विचारलं. त्यांची एकच बहीण, दोन कोसांवरच्या गावी दिलेली. भाऊ म्हणाले, तिचं काही म्हणणं नाही. "मंग ती यीसन सांगी," तुम्ही म्हणालात, म्हणजे तिनेच येऊन सांगावं, आणि सगळ्यांना ऊन उतरेपर्यंत बसवून ठेवलंत. ती आली, कडेवर पोर, पाय धुळीने भरलेले. तिला फक्त आईचं जातं हवं होतं. तुम्ही वाटणीपत्राच्या पहिल्या ओळीत ते जातं लिहिलंत आणि मगच जमिनीकडे वळलात. परत येताना मी म्हणालो, एका जात्यासाठी अर्धा दिवस गेला. तुम्ही रस्त्यात थांबलात. माझ्यावर कधी आवाज न चढवणारे तुम्ही म्हणालात, "तुले काय समजनं? काहीच नही." आणि घरापर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

स्वतःच्या घराचा विषय निघाला की मात्र म्हणायचात, "मना काय, दोनच तर लेकरं शेत." माझं काय, दोनच तर लेकरं आहेत. आई आधीच गेली होती. ताई सासर सोडून पाच वर्षांच्या मुलीला घेऊन परत आली होती आणि मागच्या खोलीत राहत होती. तुम्हाला वाटलं, मुलाला सांगितलं म्हणजे झालं. इतरांच्या पोरांवर तुम्ही कागदाशिवाय विश्वास ठेवला नाहीत, माझ्यावर ठेवलात.

मी काय काय कारणं सांगत आलो ते सांगतो. पाणी त्या दोन एकरांतच होतं. ते गेले तर बाकीची जमीन कोरडी. ताईचा नवरा उद्या परत येईल आणि जमिनीवर हक्क सांगेल. एकदा तिच्या नावावर झालं की गावात बोलणी होतील. माझी जळगावला पाटबंधारे खात्यात नोकरी, मला ती जमीन कसायचीही नव्हती, तरी मी ही कारणं रोज एकेक करून घासूनपुसून ठेवत होतो. खरं तर मला फक्त ते द्यायचं नव्हतं. आणि तुम्ही बोललात ते ऐकणारा मी एकटाच आहे, हे मला माहीत होतं.

दिवस-कार्य उरकून पंधरा दिवस झाले आणि मी ताईला पाचोऱ्याला, नोंदणी कचेरीत नेलं. हक्कसोडपत्र तयार होतं. कचेरीबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिने तुमची शाल अंगावर घेतली होती, उन्हाळा असून. "वाचायचं का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "वाचायचं काय त्यात? नेहमीचंच असतं." आत गेल्यावर पेन हातात घेऊन ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आणखी काही नाही ना?" मी म्हणालो, "आणखी एक अंगठा लागेल." तिने बशीतल्या शाईत अंगठा बुडवला. सातवीपर्यंत शिकलेली ती, सही मात्र पूर्ण नावाची, सावकाश, काना-वेलांटीसकट.

तिला मी घरातून जा असं कधी म्हणालो नाही. पण राहा असंही म्हणालो नाही. बटाईदाराचं कुटुंब पुढच्या घरात आलं, मागच्या खोलीत कापूस भरायला लागले. एका कोपऱ्यात तिची चूल, बाकी छतापर्यंत कापूस. मुलीला खोकला धरला. त्याच वर्षी ती मुलीला घेऊन धुळ्याला गेली आणि मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. राहायला तिथलीच एक खोली मिळाली. दोनशे पोळ्यांचं पीठ मळायची ती रोज, नाना. तुम्ही तिला लहानपणी घागर उचलू द्यायचा नाहीत. पुढे जळगावला घर बांधताना मी गावचं घर विकलं, त्यात ती खोलीही गेली. तेव्हाही तिला विचारलं नाही. सांगितलं फक्त. ती म्हणाली, "बरं झालं, तुझं घर होईल."

दिवाळी झाल्यावर मी पंधरा दिवस कसेबसे काढले. नातीने लिहिलेला कागद मुलाने मला छापून दिला होता. त्यात तुमच्या नावापुढे लिहिलं होतं, इच्छा व्यक्त केली नाही. माझ्या शब्दांवरून माझ्या नातीने ते लिहिलं. एका सकाळी उठलो आणि धुळ्याची गाडी धरली.

ताई आता वसतिगृहात नाही. देवपुरात मुलीकडे राहते. मुलगी नर्स आहे, ती कामावर गेली होती. मी गेलो तेव्हा ताई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मला बघून तिने फक्त "बस" म्हटलं आणि अजून एक गोळा पिठात घेतला. गुडघे दुखतात तिचे, तरी उभी राहूनच स्वयंपाक करते, ओट्याला पोट टेकवून. मी मागे खुर्चीवर बसलो. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं. दवाखाना, ती दुपार, तुमचं मनगट धरणं, सगळं सांगितलं. विहिरीजवळचे दोन एकर आणि मागची खोली. ती भाकरी उलटत होती.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"नानानी माले बी सांगेल व्हतं. दुसऱ्या दिशी. म्हणे, तुना भाऊले सांगी टाकेल शे, तू काळजी करू नको."

नाना, तुम्ही तिला सांगितलं होतं. हे मला तीस वर्षं माहीत नव्हतं. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? सही का केलीस? तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. हात पिठाचे तसेच.

"तू सांगशील म्हणून वाट पाहत होते. कचेरीत विचारलंसुद्धा तुला. आणखी काही नाही ना, असं. तू म्हणालास, अंगठा लागेल."

ती म्हणाली, "मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगेल. मग वाटलं, पोरीच्या लग्नात सांगेल. वहिनी गेल्या तेव्हा वाटलं, आता सांगेल. परवा पोरांसमोर तू नाही म्हणालास, तेव्हा मी वाट बघायची सोडली." आणि थोड्या वेळाने, पदराला हात पुसत, "जमिनीचं नव्हतं रे. ती मागितली असती तर मिळालीही असती, कायदा आहे. पण मागून घेतली असती तर मला भाऊ राहिला नसता."

मी रडलो. तिने रडू दिलं. मग ताट वाढलं. मी म्हणालो, मी आता ते दोन एकर तुझ्या नावावर करतो. ती म्हणाली, "मला आता काय करायचं? मला ते तेव्हा पाहिजे होतं. पोरगी रात्रंदिवस खोकत होती तेव्हा." मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "आधी पोरांना सांग. माझ्यासमोर नको. मला ऐकवणार नाही."

मी सांगितलं. मुलाला आणि लेकीला परत बोलावून घेतलं, नातही होती. दवाखान्यात तुम्ही बोललात ते, कचेरीतलं, कापसाचं, सगळं. बोलताना मी टेबलाकडे बघत होतो. मुलगा म्हणाला, "आत्या आली की खाली बसायची. आम्हाला वाटायचं, तिला तसंच आवडतं." लेक उठून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिने मला काही विचारलं नाही. ते जास्त लागलं. नातीने तो छापलेला कागद घेतला, तुमच्या नावापुढची ओळ खोडली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही लिहा, आजोबा," ती म्हणाली. मी लिहिलं. दोन ओळी. अक्षर वाचण्यासारखं आलं नाही. तुमच्यासारखं अक्षर माझं कधीच नव्हतं.

वकिलांना मी म्हणालो, मृत्युपत्रात बहिणीचं लिहा. ते म्हणाले, "काका, मृत्युपत्राने तुमच्या मागे मिळेल. त्या काय आणि तुम्ही काय, सत्तरीला आलात. आत्ता द्यायचं तर बक्षीसपत्र करा." त्या शब्दाने मला शरम वाटली. तिचं तिला द्यायचं, आणि कागदावर बक्षीस. पण कायद्यात त्याला दुसरं नाव नाही म्हणे. ताई फोनवर नाहीच म्हणत होती. शेवटी लेक धुळ्याला जाऊन तिच्याजवळ एक दिवस राहिली. काय बोलल्या दोघी ते मला माहीत नाही. परत येऊन लेक एवढंच म्हणाली, "आत्या घेणार आहे. म्हणाली, उद्या तुला सही करायला कोणी बसवू नये म्हणून घेते."

माघात आम्ही पाचोऱ्याला गेलो, ताईबरोबर तिची मुलगीही होती. कचेरी आता नव्या इमारतीत आहे, अंगठा यंत्रावर ठेवतात, शाई लागत नाही. ताईचा अंगठा यंत्रावर उमटेना. इतकी वर्षं पीठ आणि भांडी. रेषाच राहिल्या नाहीत बोटावर. तिथल्या मुलीने कापसाने पुसून पुसून चार वेळा ठेवून घेतला. मी तिथेच उभा होतो.

काम झाल्यावर मुलाने गाडी शेताकडे वळवली. आत जायला गाडीवाट आहे, पण शेवटचा अर्धा फर्लांग पायीच जावं लागतं, बांधावरून. ताई गाडीतून उतरली, दाराला धरून उभी राहिली. हरभरा घाट्यांवर आला होता. लिंबाच्या पलीकडे विहिरीचा कठडा दिसत होता. मी म्हणालो, "चल, हात धर." तिने एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. "आते मनाघाई नही व्हस, भाऊ," ती म्हणाली. आता माझ्याने होत नाही. मग तिची मुलगी एकटीच चालत गेली. आम्ही दोघे रस्त्यावरून तिला बघत राहिलो. ती विहिरीपाशी पोचली, वाकून आत पाहिलं आणि तिथून हात हलवला. ताईनेही हात वर केला. कितीतरी वेळ तिने तो खाली घेतला नाही.

त्या संध्याकाळी ती जळगावला आली. सोफ्यावर बसली का, असं तुम्ही विचाराल. बसली नाही. पण मुक्कामाला राहिली.

माझं मृत्युपत्र अजून व्हायचं आहे. बाकीच्या जमिनीत मुलगा आणि लेक दोघांची नावं घालायची, असं दोघांसमोर ठरलं आहे. साक्षीदार पाहायचेत. हे तुम्हाला लिहिलेलं मात्र कोणाला दाखवणार नाही, वहीतच राहील. मुलाला वाटतं, सगळं सांगून मी मोकळा झालो. तसं झालेलं नाही.

एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही, लहानशी आहे. या घरात तुमचा फोटो नाही. आईचा आहे, बायकोचा आहे, तुमचा नाही. कोणी विचारलं की मी सांगतो, वाळवीने खाल्ला. वाळवी लागली नव्हती, नाना. तो कपाटात तळाशी, धोतरजोडीच्या खाली, पालथा ठेवलेला आहे. आज सकाळी कपाट उघडलं होतं. वरची धोतरं बाजूला केली, चौकटीची पाठ दिसली, आणि परत झाकून ठेवलं.